कोटावरचे फूल आणि दुपारच्या अक्षता

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराचे लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. अक्षता दुपारी साडेबाराच्या आहेत आणि त्याआधी मारुतीच्या देवळापर्यंत परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघणार आहे. नवरदेव, त्याचे मित्र, दोन्हीकडचे वडील, मामा आणि काका अशा २२ जणांच्या कोटावर ताज्या फुलांचे बूटनिअर असावे, अशी मुलांची हौस आहे. सजावटवाल्यांचा दर ऐकल्यावर आम्ही दोघी जावा आणि नणंद मिळून ती घरीच करावीत, असे ठरवले आहे. फुले कोणती घ्यावीत, केव्हा बांधावीत आणि ती अक्षता पडेपर्यंत टिकतील का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : टिकतील, आणि त्यांतली बरीचशी सायंकाळच्या स्वागत समारंभापर्यंतही तग धरतील. मात्र फोटोत पाहून आवडलेले फूल आणि वैशाखातल्या भर दुपारी कोटावर ताठ राहणारे फूल ही बहुधा दोन वेगळी फुले असतात, हे तुम्ही तिघींनी आधीच मान्य करून टाकावे. बांधण्याची कला अर्ध्या तासात हाताला बसते. ज्यांना गजरा ओवता येतो, त्यांना तर त्यात अवघड असे काहीच नाही. अवघड आहे ते पाण्याचे गणित.

तोडलेले फूल देठातून पाणी वर ओढत असते आणि पाकळ्या-पानांतून ते हवेत सोडत असते. बूटनिअर करताना आपण जेमतेम तीन सेंटिमीटर देठ ठेवतो आणि तोही पट्टीने गुंडाळून टाकतो, म्हणजे ओढणे थांबते. सोडणे मात्र चालूच राहते, आणि पारा ४२ अंशांवर असताना आपल्या कोरड्या हवेत ते फार झपाट्याने चालते. त्यामुळे ज्याच्या पाकळ्या जाड आहेत, ज्याचा पसारा लहान आहे आणि ज्याने आदल्या रात्री पोटभर पाणी पिऊन ठेवले आहे, असेच फूल तुमच्या कामाचे.

या कसोटीवर माझी पहिली पसंती कार्नेशनला आहे. ते पाण्यावाचून सहा-सात तास सहज काढते, किंचित चुरगळले तरी त्याच्या मुळातच चुणीदार पाकळ्यांत ते दिसत नाही, आणि एकच फूल कोटावर भरून दिसते. त्यानंतर अर्धवट उमललेला गुलाब; पूर्ण उमललेला गुलाब घेऊ नये, कारण त्याच्या बाहेरच्या पाकळ्या परण्यातल्या ढकलाढकलीत गळून पडतात. लहान बटणासारखी शेवंती अतिशय चिवट असते, परंतु शेवंतीचा आपल्याकडचा खरा हंगाम थंडीचा आहे, तेव्हा मे महिन्यात ती मिळेलच असे गृहीत धरू नका. डेंड्रोबियम जातीचे ऑर्किड महाग पडत असले, तरी एका दांडीवर अनेक फुले असतात आणि एका कोटाला एक किंवा दोन पुरतात, त्यामुळे हिशेब वाटतो तितका जड जात नाही. जरबेरा मात्र टाळा. ते दिसायला मोहक असले, तरी थाळीएवढे फूल छातीवर घेऊन वावरणारा वरपिता बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकासारखा दिसतो. झेंडू टिकाऊ खरा, पण तो फिकट कोटावर चुरगळला की पिवळा डाग ठेवून जातो. लिली घेतलीच, तर तिच्या मधले परागकोश चिमट्याने आधी काढून टाकावेत. त्यांची तपकिरी पूड कापडावरून निघता निघत नाही.

पानांसाठी नाजूक फर्नच्या मागे लागू नका. कुंपणाच्या कामिनीची चकचकीत पाने किंवा निलगिरीची डहाळी उन्हाला दाद देत नाही. दवणा मिळाला तर अवश्य घ्यावा. त्याची राखाडी-हिरवी काडी गडद निळ्या कोटावर फार शोभते, आणि ती सुकली तरी तिचा वास जात नाही.

२२ जणांसाठी किमान ३० फुले आणावीत. दोन-तीन फुले शिकताना मोडतात, एखादे कळीतच खराब निघते, आणि ऐन वेळी ‘आमच्या आत्याच्या यजमानांना नाही का?’ असे विचारणारे कोणीतरी भेटतेच. नवरदेवासाठी तर दोन फुले स्वतंत्र ठेवावीत, त्याचे कारण पुढे येईल.

फुले लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर आणावीत. बादली साबणाने घासून स्वच्छ धुतलेली असावी, कारण घाणेरड्या पाण्यातले जंतू देठाच्या नळ्या बुजवतात आणि मग भरल्या बादलीतही फूल तहानलेले राहते. देठाचे टोक पाण्यात बुडवूनच धारदार कात्रीने तिरके कापावे आणि पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत. एक लिटर पाण्याला एक चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-तीन थेंब घालावेत. साखर फुलाचे खाद्य, लिंबामुळे पाणी लवकर वर चढते आणि ब्लीच जंतूंना आवर घालते. बादली घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. आपल्याकडे माणसाला कूलरपुढे बसवतात तसे फुलांनाही बसवण्याचा मोह होतो, पण वारा हा फुलाचा शत्रू आहे. कूलरचा झोत त्यांच्यावर येता कामा नये.

फ्रिजबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. भाचीच्या लग्नात मी ४० कार्नेशन मोठ्या हौसेने रात्री फ्रिजमध्ये ठेवली. खालच्या कप्प्यात पिकलेल्या हापूसची अर्धी पेटी होती. सकाळी दार उघडले तेव्हा आंबे सुरेख घमघमत होते आणि फुलांच्या पाकळ्या आतल्या बाजूला वळून मिटलेल्या होत्या, जणू ती झोपी गेली होती. पिकणारी फळे इथिलिन नावाचा वायू सोडतात आणि कार्नेशन त्या वायूला फार हळवे असते. एकदा मिटलेली पाकळी पुन्हा उघडत नाही. मे महिन्यात आणि तेही लग्नघरात फ्रिज आंब्यांवाचून रिकामा असणे जवळजवळ अशक्य, म्हणून शेजारच्यांचा फ्रिज एका रात्रीसाठी मागून घ्यावा, किंवा फ्रिजचा नाद सोडून पहाटेच बांधायला बसावे. ऑर्किडला तर फ्रिज मुळीच मानवत नाही. ते उष्ण प्रदेशातले फूल असल्यामुळे अति थंडीत काळवंडते.

आता बांधणी. साहित्य मोजकेच लागते: फुलांच्या कामाची २४ किंवा २६ गेजची बारीक तार, हिरवी फ्लोरल टेप, कात्री आणि साडीला लावतात तशा मोत्याच्या डोक्याच्या लांब टाचण्या. फूल घ्यावे, देठ तीन सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापावा. फुलाच्या बुडाशी जो हिरवा फुगीर भाग असतो, त्यातून १५ सेंटिमीटर लांबीची तार आडवी आरपार घालावी आणि तिची दोन्ही टोके देठालगत खाली वळवावीत. एवढ्यानेच फुलाची मान ताठ होते आणि ती हवी तशी किंचित कलतीही करता येते. मागे दोन पाने आणि बाजूला जिप्सीची, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांची, एक काडी लावून सगळे एकत्र धरावे.

टेप हा नवख्या माणसाला फसवणारा प्रकार आहे. ती मेण दिलेल्या कागदाची पट्टी असते आणि गुंडाळीवरून सोडवल्यावर अजिबात चिकट लागत नाही. त्यामुळे दुकानदाराने शिळा माल दिला असे वाटून कित्येक जण ती परत करायला निघतात. ती ताणल्याशिवाय चिकटत नाही. फुलाच्या अगदी खालून सुरुवात करावी, उजव्या हाताने पट्टी खाली तिरकी ओढून ताणलेली ठेवावी आणि डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत देठ वातीसारखा फिरवत जावा; फिरायचे ते देठाने, पट्टीने नव्हे. ताणलेल्या पट्टीचा रंग थोडा फिकट झाला आणि तिचा थर आधीच्या थरावर दाबताच बसला, म्हणजे बरोबर चालले आहे असे समजावे. टोकाशी उरलेली तार कापावी आणि कापलेले टोक पट्टीने झाकावे, नाहीतर ते कोटाचे अस्तर ओरबाडते. वर साडीच्या काठाच्या रंगाची सॅटिनची अरुंद रिबीन गुंडाळली की काम झाले. पहिल्या फुलाला २० मिनिटे लागतील, दहाव्याला पाचसुद्धा लागणार नाहीत.

तिघी लग्नाच्या दिवशी सकाळी सहा वाजता बसल्या, तर साडेआठपर्यंत सगळी फुले तयार होतात. झाकणाच्या पसरट डब्यात तळाशी ओला करून घट्ट पिळलेला पंचा घालावा, त्यावर कोरडा कागद आणि कागदावर एकमेकांना न टेकतील अशी फुले ठेवावीत. वरून पाणी शिंपडू नये. गुलाबाच्या पाकळीवर पाण्याचा थेंब बसून राहिला की तिथे तपकिरी ठिपका पडतो. डबा मंगल कार्यालयात नेताना गाडीच्या डिकीत ठेवू नका, मांडीवर घ्या.

आणि परण्याला फुले लावूच नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मुंडावळ्या, फेटा, गळ्यातला हार आणि बँडपुढे नाचणारे मित्र यांच्या गर्दीत ते फूल कोणाला दिसत नाही, आणि देवळाहून परत येईपर्यंत त्याचा अर्धा जीव गेलेला असतो. सगळे कार्यालयात परतले, घाम पुसून झाला, की अक्षतांच्या अर्धा तास आधी एकाच व्यक्तीने यादी हातात घेऊन सर्वांना फुले लावावीत. कोटाच्या डाव्या बाजूला, छातीवर दुमडलेल्या पट्टीवर, जिला शिंपी लॅपल म्हणतात, तिथे एक काज असते. बूटनिअर या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी काज असा आहे. पूर्वी फूल त्या काजात खोवत आणि मागे देठ अडकवायला दोऱ्याची कडी असे. हल्लीच्या पुष्कळ कोटांत ते काज केवळ शोभेपुरते शिवलेले असल्यामुळे टाचणी लागते. पट्टीच्या मागून टाचणी पुढे काढावी, देठावरून तिरकी नेऊन पुन्हा कापडात खुपसावी आणि टोक कापडाच्या दोन थरांमध्ये लपवावे. एका फुलाला दोन टाचण्या लावाव्यात. एका टाचणीवरचे फूल घड्याळाच्या लंबकासारखे फिरत राहते.

नवरदेवाच्या दुसऱ्या फुलाचे कारण असे, की हार घालताना आणि त्यानंतर येणाऱ्या शंभर गळाभेटींत त्याचे पहिले फूल हमखास चिरडते. शिवाय अक्षता तांदळाच्या असोत की ज्वारीच्या, त्या कुंकवाने रंगवलेल्या असतात आणि पांढऱ्या फुलावर त्यांचे गुलाबी ठिपके उमटतात. नवरदेवाला पांढरे फूल द्यायचेच असेल, तर ते सायंकाळसाठी राखून ठेवा.

प्रश्न : मागच्या महिन्यात बहिणीच्या लग्नात आम्ही गुलाबाची फुले अशीच घरी केली होती. बांधली तेव्हा टवटवीत होती, पण कोटाला लावल्यावर तासाभरातच सगळ्यांच्या माना खाली लटकल्या. पाकळ्या मात्र ताज्या होत्या. काय चुकले?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पाकळ्या ताज्या आणि मान लुळी, यावरून दोष फुलाच्या वयाचा नसून देठाचा आहे हे कळते. बाजारातून येताना देठाचे टोक कोरडे पडते आणि त्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात. नंतर ते फूल पाण्यात ठेवले तरी बुडबुडा वाट अडवून बसतो आणि वरच्या कोवळ्या भागापर्यंत पाणी पोहोचत नाही. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे देठ पाण्याखालीच कापायचा असतो. तार घातली नसेल, तर पाणी भरपूर मिळूनही मान वाकू शकते. गुलाबाच्या डोक्याचे वजन तीन सेंटिमीटरच्या देठाला उन्हात पेलवत नाही. पुढच्या वेळी गुलाब विकत घेताना फुलाच्या लगेच खालचा देठ दोन बोटांत हलकेच दाबून पाहावा. तो मऊ लागला, तर फूल कितीही सुंदर असले तरी घेऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा लग्नात बंद गळ्याची रेशमी शेरवानी घालणार आहे आणि त्याच्या मावसभावाने गड्ड्याच्या यात्रेत घालतात तशी पांढरी बाराबंदी घालायचे ठरवले आहे. दोन्हींना लॅपल नाही. मग फूल लावायचे कोठे? रेशमाला टाचणीची भोके पडतील, अशीही भीती वाटते. लोहचुंबकाचे बूटनिअर मिळते म्हणतात, ते चांगले का?
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : शेरवानीवर फूल कसे शोभते, हे जवाहरलाल नेहरूंच्या छायाचित्रांनी आपल्याला पूर्वीच दाखवून दिले आहे, लॅपल नसतानाही त्यांचा लाल गुलाब बटणांच्या ओळीत काजात खोवलेला असे. तुम्हीही तेच करू शकता. वरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या बटणाच्या काजात तार घातलेला, टेप लावलेला बारीक देठ सरकवला, की टाचणीची गरजच उरत नाही. मात्र अशा वेळी फूल एकच आणि लहान असावे, मागे पान असलेच तर एक. जरीकाम केलेल्या शेरवानीवर रिबीन, मोती, जिप्सी असा सारा संसार मांडला, तर फूल आणि जर दोघांचेही तेज जाते.

लोहचुंबक रेशमासाठी निश्चितच सोयीचे आहे. एक तुकडा फुलाच्या मागे आणि दुसरा कापडाच्या आतून लावतात, त्यामुळे भोक पडत नाही. पण ज्या व्यक्तीला हृदयाचा पेसमेकर बसवलेला आहे, तिच्या छातीवर असे लोहचुंबक कदापि लावू नये, कारण त्याने पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. लग्नात फुले लावायची ती बहुतेक वडीलधाऱ्यांनाच, तेव्हा यादी करतानाच हे विचारून घ्यावे आणि अशा पाहुण्यांसाठी टाचणीचे फूल वेगळे ठेवावे.

बाराबंदीला बटण नाही आणि काजही नाही, पण बंद आहेत, आणि फुलासाठी याहून चांगली जागा नाही. छातीवरच्या बंदाची गाठ मारताना त्याच गाठीत देठ धरावा. तिथे तार-टेपेपेक्षा पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधलेले फूल अधिक शोभेल. हिरवी टेप पातळ पांढऱ्या कापडावर मलमपट्टीसारखी दिसते.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मागावरचे काम आहे. माझ्या लग्नात ताज्या फुलांऐवजी आमच्याच सुताची किंवा कापडाची बूटनिअर करावीत, असे मला वाटते. घरात टॉवेल आणि चादरीचे तुकडे भरपूर आहेत. त्यांची फुले होतील का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : कल्पना मला मनापासून आवडली, पण तुकड्यांपेक्षा सूत वापरा. आपली चादर जाड असते, तिच्या पाकळ्या वळत नाहीत. आणि टेरी टॉवेल कापला की त्याचे फासे सुटून कोटावर लव सांडत राहते. याउलट चादरीसाठी रंगवलेले सूत हाताशी असणे हे तुमचे भांडवल आहे. चार बोटांवर सुताचे ४० वेढे घ्यावेत, मध्ये घट्ट बांधावे, दोन्ही टोके कापून पिंजारावीत, की शेवंतीसारखे भरगच्च फूल तयार होते. त्याला मागे कडक कापडाची गोल चकती शिवून टाचणी बसवावी.

कापडाचेच फूल हवे असेल, तर खण घ्यावा. पाच सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळे कापावीत, प्रत्येक वर्तुळ दोनदा दुमडून चतकोर करावे आणि पाचही चतकोरांच्या गोलाकार कडेतून एकच दोरा धावत्या टाक्याने नेऊन ओढावा. चुणी पडून पाकळ्या आपोआप उभ्या राहतात. मध्ये मोती किंवा साडीवरून निघालेली एखादी टिकली. कृत्रिम धाग्याचे सॅटिन असेल, तर त्याची कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरली की वितळून बंद होते. सुती खणाला ज्योत दाखवू नका, तो पेटेल. त्याच्या कडेला पातळ डिंक लावून वाळवावा. ही सगळी फुले लग्नाच्या महिनाभर आधी निवांत करून ठेवता येतात, हा त्यांचा ताज्या फुलांवरचा मोठा विजय आहे. एक मात्र सांगतो: २२ जणांना हुबेहूब सारखे फूल देण्याचा अट्टहास करू नका. नवरदेवाचे गडद, मित्रांचे फिकट आणि वडिलांचे नुसते पांढऱ्या सुताचे असे ठेवले, तर पाहुण्यांना न सांगता नाती कळतात.

प्रश्न : मोगऱ्याचे बूटनिअर करता येईल का? कोणीच करताना दिसत नाही.
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : येईल, पण दुपारच्या अक्षतांना नव्हे. मोगऱ्याची कळी सायंकाळी उमलते आणि सकाळपर्यंत पिवळी पडू लागते. दुपारी कोटावर लावायला तुमच्याकडे एकतर घट्ट मिटलेली कळी असेल, नाहीतर कालचे शिळे फूल. सायंकाळच्या स्वागत समारंभाला मात्र त्याच्यासारखे दुसरे काही नाही. त्याच दिवशीच्या टपोऱ्या कळ्या घ्याव्यात, ओल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि चार वाजता सात-आठ कळ्या एकेक करून दोऱ्याने आवळत लहानसा घोस करावा, मागे मरव्याची एक काडी द्यावी. मोगऱ्याचा देठ इतका लहान असतो, की त्यात तार घालण्याच्या फंदात पडू नये, कळी फुटते. पाहुणे येऊ लागतील तसतशा त्या कळ्या कोटावरच उमलतील.